वास्तूला ऐकू जाऊ नये म्हणून

आमच्या वस्तीवर काही काळ अशी ठाम समजूत होती, की आम्ही नवरा-बायको रोज संध्याकाळी गाडीत बसून भांडतो.

समजुतीला आधार होता. दिवे लागायच्या सुमारास, फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या आमच्या पिकअपच्या केबिनमध्ये आम्ही दोघं काचा वर करून बसायचो. मी हातवारे करायची, डोळे मोठे करायची, मध्येच कपाळावर हात मारून घ्यायची. शेजारी हे स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, समोर बघत ऐकायचे. आमच्या शेताला लागून जी नवी अपार्टमेंट झाली आहे, तिच्या बाल्कन्यांतून हा मूकपट रोज फुकट दिसायचा. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला किराणा दुकानात गाठलंच.

"ताई, राग मानू नका, पण घरात सासूबाई असतात म्हणून बाहेर येऊन भांडता का हो?"

"भांडत नाही हो," मी म्हटलं, "औषध घेतो."

त्यानंतर वस्तीची समजूत बदलली. आम्ही गाडीत बसून पितो, असं ठरलं.

'हे' म्हणजे माझे यजमान. नाव घेत नाही. लग्नांत, बारशांत, हळदीकुंकवांत मी इतके उखाणे घेतले आहेत, की त्या नावाचा माझा कोटा कधीच संपला. आमचं घर मखमलाबादच्या पुढं, शेतातच. पीक फुलांचं: झेंडू, शेवंती, थोडी बिजली. हे पहाटे पिकअप भरून नाशिकच्या फूलबाजारात जायचे आणि ऊन तापायच्या आत परत यायचे. माणूस बोलायला महाग. देवानं आमच्या दोघांच्या वाट्याचे शब्द एकाच टोपलीत घातले आणि ती टोपली माझ्या डोक्यावर दिली. पंचक्रोशीत कुठलाही बायकांचा कार्यक्रम असला की माइक माझ्याकडं. चिठ्ठ्या काढायच्या, नव्या सुनांना उखाण्यात अडकवायचं, म्हाताऱ्यांना फुगडी घालायला लावायची. मला हे सगळं फार आवडतं. अजूनही आवडतं, हे लाजत लाजत सांगते.

तर अशाच एका डोहाळजेवणात ते घडलं. नात्यातली पोर झोपाळ्यावर बसलेली, अंगावर फुलांचे दागिने, फुलं आमचीच. मी माइकवर एक चावट उखाणा अर्ध्यावर आणला होता, बायका हसायच्या तयारीत होत्या, आणि माझ्या छातीत कुणीतरी बुलेटला किक मारली. हात गार पडले. श्वास आत जाईना. मला दिसलेली सर्वात जवळची बसायची जागा म्हणजे तो झोपाळा. मी त्या पोरीला बाजूला सारून झोपाळ्यावर आडवी झाले. डोहाळजेवणाच्या झोपाळ्यावर पन्नाशीला टेकलेली बाई! फोटोग्राफर प्रामाणिक होता, त्यानं त्याचेही फोटो काढले. अल्बममध्ये आहेत.

'अॅटॅक आला' म्हणून मला नाशकात नेलं. कार्डिओग्राम चांगला निघाला. मग तो अॅटॅक बाजारात आला, देवळात आला, न्हाणीघरात आला. दर वेळी कार्डिओग्राम, दर वेळी चांगला. सासूबाईंचा उपाय वेगळा होता. मला धाप लागली की त्या कांदा फोडून माझ्या नाकाला लावायच्या. नाशिक जिल्ह्यात कांद्याला काय तोटा? मी कुठं निघाले की पर्समध्ये एक कांदा असायचाच. हळूहळू मी कुठं निघेनाशी झाले. माइक घरात धूळ खात पडला. फोन वाजला की मी ह्यांना उचलायला सांगायची, "म्हणावं, ती आजारी आहे."

शेवटी हे मला आमच्या गावातल्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. त्यांचा दवाखाना पिठाच्या गिरणीला लागून. गिरणी चालू असली की टेबलावर झोपलेला पेशंट आपोआप थरथरतो. बाईंनी सगळे कागद वाचले, नाडी पाहिली, रक्त तपासायला लावलं, थायरॉइड पाहिला. पुढच्या खेपेला म्हणाल्या, "सगळं चांगलं आलंय."

"चांगलं आलंय, तर मग मी मरतेय कशानं?"

"तुम्ही मरत नाही आहात, घाबरता आहात. तुमच्याकडं बिबट्या येतो ना उसात? त्याचा वास आला की कुत्री भुंकतात. तुमच्या शिवारात आत्ता बिबट्या नाही, पण कुत्री भुंकायची थांबत नाहीत. आपल्याला कुत्र्यांना शिकवायचंय."

"मग एक सुई तरी द्या."

"सुई तुमच्या घरी आहे की. गजऱ्याची."

"गोळी?"

"गोळ्या वाईट नसतात. लागल्या तर मीच देईन, आणि तेव्हा लाजायचं नाही. पण आधी जरा दुसरं करून बघू."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला वाटलं, बाई माझी थट्टा करतायत. चहा कमी. रोज बांधावरून चालणं. फूल हुंगल्यासारखा श्वास आत घ्यायचा आणि सोडताना समोर निरांजन आहे असं समजायचं, ज्योत वाकली पाहिजे, विझता कामा नये. आणि चौथी गोष्ट, चिंतेची वेळ. दिवसभरात चिंता आली की तिला सांगायचं, आत्ता नाही, संध्याकाळी ये. संध्याकाळी तिला खरोखर अर्धा तास द्यायचा. मोठ्यानं बोलून सगळं बाहेर काढायचं. वेळ झाली की उठायचं.

"आणि तुम्ही," बाई ह्यांच्याकडं वळल्या, "समोर बसून ऐकायचं. पण 'काही होत नाही' असं म्हणायचं नाही. ते म्हणालात की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि तासाभरानं ह्या पुन्हा तेच विचारतात."

"मग काय म्हणू?" ह्यांनी विचारलं.

"एवढंच. 'मग?' म्हणा. त्यांची भीती पुढं कुठं जाते ते त्यांनाच चालून बघू द्या."

हे काम ह्यांना जन्मजात येत होतं. एका शब्दाचं काम!

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "सुई नाय, गोळी नाय? ही कसली डाक्टर?" दुसऱ्या दिवशी मी सरावासाठी देवापुढचं निरांजन घेऊन फुंकर घालत बसले, तर त्या स्वयंपाकघरातून ओरडत आल्या, "अगं, देवाचा दिवा फुंकतीस?"

पण खरा पेच चिंतेच्या वेळेचा झाला. पहाटे बाजार, दुपारी तोडणी, झोपायच्या आधी चिंता करायची नाही असं बाईंनी बजावलेलं. उरली संध्याकाळ. आम्ही ओट्यावर बसलो. मी घसा साफ करून सुरुवात केली, "मला वाटतं गॅस गळेल, घराला आग लागेल, आईंना पळता येणार नाही..."

सासूबाई नेमक्या दिवा घेऊन बाहेर येत होत्या. दिवा पडता पडता राहिला.

"दिवेलागणीला असलं अभद्र बोलतीस? वास्तू तथास्तु म्हणते!"

आता हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. घराची वास्तू दिवसातून कधीतरी 'तथास्तु' म्हणते. कधी, ते कुणाला कळत नाही, पण तिन्हीसांजेला सांभाळायचं. म्हणून तर आपण मीठ संपलं म्हणत नाही, मीठ वाढलं म्हणतो. मी बी.ए. झालेली, एरवी हसले असते. पण त्या दिवसांत माझी हसायची ऐपत नव्हती. माझ्या भीतीला आणखी एक भीती फुटली. आता मी बोलले म्हणूनच घर जळणार.

हे बराच वेळ डोकं खाजवत बसले. मग उठून खिळ्यावरची चावी घेतली.

"वास्तू घराची असती. गाडीची नसती."

"गाडीची पूजा केलीय की दसऱ्याला," आई म्हणाल्या.

"पूजा केलीय. वास्तुशांत नाय केली."

आईंनी यावर विचार केला. धर्मशास्त्रात ह्याला काही तोड असेल तर त्यांना सुचली नाही. "मग फाटकाभाईर लाव गाडी. आन काचा वर करा."

अशी आमची पिकअप चिंतेसाठी राखीव झाली.

केबिनमध्ये कायम झेंडूचा कडवट वास असायचा. मी माझ्या सीटवर पाय वर घेऊन बसायची आणि भीती उलगडायची.

"मी पुन्हा माइकवर कोसळेन."

"मग?"

"लोक हसतील."

"मग?"

"पुन्हा कुणी बोलावणार नाही."

"मग?"

"मग मी घरीच बसेन."

"मग?"

"मग दिवसभर तुमचं डोकं खाईन."

ह्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. मग गंभीरपणे म्हणाले, "ही भीती खरी हाय. ही डाक्टरीणबाईंच्या कानावर घालू."

मी इतकी हसले, की बाल्कनीतली बाई कठड्यावरून वाकून बघायला लागली.

रोज असं हसणं नव्हतं. काही दिवस मी नुसती रडायची, काही दिवस तीच ती भीती पुन्हा पुन्हा यायची, आणि हे न कंटाळता त्याच आवाजात "मग?" म्हणायचे. पुण्यात नोकरीला असलेली लेक, तिची स्कूटर, विहीर, वीज, साप, सासूबाईंचा गुडघा, सगळं येऊन गेलं. एकदा हे म्हणाले, "समद्यांची नावं येतात. कांद्याच्या चाळीतल्या मांजरीचं सुदिक आलं. माझं कधी येत नाय."

"तुम्ही तर शेजारीच बसलाय की."

"ते बी खरंय," म्हणाले.

कुत्री एकदम गप्प झाली नाहीत. पण लांबून भुंकायला लागली. त्या झोपाळ्यावरच्या पोरीच्या बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला मी पुन्हा माइक हातात घेतला. छातीत किक बसली, मी मनातल्या मनात निरांजन वाकवलं आणि बोलत राहिले. हे दाराशी उभे होते. पुढच्या कार्यक्रमाला डॉक्टरीणबाईंनी ह्यांना यायला बंदी घातली. मी एकटी रिक्षानं गेले आणि आले, पर्समध्ये कांदा न घेता. घरी आले तेव्हा हे फाटकात उभे. माझ्या हातातली ओटीची पिशवी घेतली आणि पुढं चालायला लागले. पाठमोरा माणूस खुश असलेला कळतो, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतरही आम्ही संध्याकाळी गाडीत बसायचो. खरं तर आता माझ्याकडं फारसा माल नसायचा, थोड्याच वेळात चिंता संपायच्या. उरलेला वेळ मी गावातल्या लोकांच्या नकला करायची. औषध संपलं होतं, सवय राहिली होती.

अक्षय तृतीया होऊन गेली होती. मी नकलेच्या तयारीत होते, तेवढ्यात हे म्हणाले, "आज माझी पाळी घेऊ का?"

"घ्या की!"

मंडळी, मला आनंद झाला. खोटं का बोलू? सगळा संसार ज्याच्या तोंडून शब्द ओढून काढण्यात गेला, तो माणूस आपण होऊन बोलणार. मी मांडी घालून, त्यांच्याकडं तोंड करून बसले.

"पोटात गाठ हाय," हे म्हणाले.

"काही होत नाही!"

वाक्य माझ्या तोंडून उडी मारून बाहेर पडलं. ह्यांच्या मिशीत हसू आलं.

"तसं म्हणायचं नाय. ठरलंय ना आपलं."

समोरच्या बाल्कनीत कुणीतरी वाळलेले कपडे काढत होतं. मी त्या कपड्यांकडं बघत राहिले. एक चादर, मग दुसरी. हे वाट बघत होते. इतक्या संध्याकाळी ह्यांनी मला एकदाही अर्ध्यावर सोडलं नव्हतं.

"मग?" मी म्हटलं.

"भूक जात व्हती, पाठ दुखत व्हती, म्हणून डाक्टरीणबाईंकडं गेलतो. डोळे पिवळे पाहून त्यांनी लगेच सोनोग्राफी करायला लावली. मग नाशकातल्या मोठ्या डाक्टरकडं. स्वादुपिंड म्हणतात त्याला. पसरलीय."

"मग?"

"औषध देतो म्हणतात. बरं व्हायला नाय. लांबवायला."

"मग?"

"मग कधीतरी जाईन मी."

इथं मला पुढचा शब्द बोलता येईना. हे समोर काचेतून बघत राहिले, स्टिअरिंगवर हात, अगदी माझ्या वेळी बसायचे तसे. घाई नाही. शेवटी मी 'मग?'साठी ओठ हलवले. आवाज आला की नाही, माहीत नाही.

"मग आईला कसं सांगायचं, ते सुचत नाय. पोरीला तू सांग. झेंडूचं तुला समदं येतं, औषध फवारताना तेवढं तोंडाला बांधत जा. गाडी तुला येत नाय, शिकायची असंल तर शीक. नायतर पुतण्या नेईल." ह्यांनी लांब श्वास सोडला. ज्योत वाकली पाहिजे, विझता कामा नये, अगदी तसा. "संपलं. येवढंच व्हतं. बरं वाटलं."

त्या संध्याकाळी वेळ झाली तरी आम्ही उठलो नाही. काचेवर झेंडूची एक पाकळी चिकटली होती. ह्यांनी ती नखानं काढली आणि माझ्या हातावर ठेवली, का ते त्यांनाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी आईंना गाडीत बसवलं. मी फाटकाशी उभी राहिले. माझाच मूकपट मला बाहेरून दिसला. ह्यांचे हलणारे ओठ, मग आईंचा पदर तोंडाकडं गेला. काचेतून काहीच ऐकू आलं नाही. आई उतरल्या, माझ्या खांद्याचा आधार न घेता घरात गेल्या, दिवा लावला, आणि भिंतींकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, "माझा लेक यंदा दसऱ्याला झेंडू घेऊन बाजारात जाणार हाय!"

तेव्हापासून रोज दिवेलागणीला आम्ही दोघी घरभर चांगलं बोलायचो. भूक लागली म्हणतात. वजन वाढलं म्हणतात. रंग उजळला. मी स्टेजवरची बाई, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची मला सवय. खाटेवर पडलेले हे हसायचे.

"अगं, वास्तू बहिरी हाय का?"

वाईट सगळं गाडीत. उलट्या, दुखणं, उतरलेली शर्टाची मापं, पोरगी रजा टाकून आली तेव्हाचं तिचं रडणं. पुढं पुढं ह्यांना केबिनमध्ये चढवत नव्हतं. तरी संध्याकाळी खाटेवरून हात करून मला पाठवायचे, "जा, बोलून ये." मी एकटीच जाऊन बसायची. काचा वर करायची. बोलायची. रिकाम्या सीटकडून उत्तर येत नसे, तरी थांबायची, 'मग?'ला जेवढी जागा लागते तेवढी.

घट बसायच्या आधीच हे गेले. शेतात झेंडू भरून आला होता. त्यातला पहिला तोडा बाजारात गेला नाही. आईंनी स्वतः बांधावर उभं राहून तो तोडून घेतला, आणि त्यानं ह्यांना पूर्ण झाकलं. दसऱ्याचा माल भावकीनं नेला.

वास्तू त्या दिवसांत काय म्हणत होती, कोण जाणे.

तेरावं झाल्यावर मी डॉक्टरीणबाईंकडं गेले. म्हटलं, "आता द्या गोळी. आता नाही म्हणू नका." बाई खुर्ची सोडून माझ्या शेजारी पेशंटच्या बाकावर येऊन बसल्या. पलीकडं गिरणी चालू होती, आम्ही दोघीही थरथरत होतो.

"झोप अगदीच नाही लागली तर थोडे दिवस काहीतरी देईन," त्या म्हणाल्या. "पण हे ते दुखणं नव्हे. तेव्हा शिवारात बिबट्या नव्हता. आता तो येऊन गेलाय. कुत्र्यांना गप्प करून कसं चालेल?"

त्यांचाही आवाज पातळ झाला होता. मग डोळे पुसून म्हणाल्या, "याला अर्धा तास पुरायचा नाही."

पिकअप आता पुतण्या चालवतो. बाजारातून आला की कडुनिंबाखालीच लावतो. परवाच्या संध्याकाळी मी माझ्या सीटवर जाऊन बसले होते. काच अर्धीच वर केली होती. एकाएकी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. आधी काठी आत आली, मग लुगड्याचा सोगा, मग सासूबाई.

"गाडी हाय का घोडा?" धापा टाकत त्या स्टिअरिंगमागं बसल्या. पाय खाली पोचत नव्हते. तिसऱ्या मजल्यावरची बाई कठड्याशी येऊन उभी राहिली. आता वस्ती काय ठरवणार, देव जाणे.

"बोल. मी ऐकती."

"काही नाही, आई."

"बोल म्हणती ना."

"मला वाटतं, मी त्यांचा आवाज विसरेन."

"काय नाय विसरत. काय होत नाय."

नेमकं तेच वाक्य. मला हसू फुटलं. ह्यांच्या नंतरचं पहिलं हसू, आणि तेही असं अवेळी. आई चिडल्या, "दात काढायला काय झालं?" मी मान हलवली. सांगणार तरी काय?

आईंनी तोंड समोरच्या काचेकडं केलं. आईंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. सुरकुतलेले, झेंडूच्या चिकानं काळवंडलेले. त्या घराकडं वळून बघत म्हणाल्या, "तुझी काच नीट वर कर."

मी हँडल फिरवून काच घट्ट बसवली.

"मला भ्या वाटतं," आई हळू म्हणाल्या. "पोरगी तुला पुण्याला घिऊन जाईल. बरोबर हाय तिचं. तू जाशील."

त्या थांबल्या. मला 'नाही हो, कुठं जाते मी' म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं.

"मग?" मी विचारलं.